वाहतं पाणी

शहागंजात मागून हाक आली तेव्हा रामहरी सरांना आधी उत्तर न दिलेलं पत्र आठवलं, आणि मग हाक मारणाऱ्याचं नाव. ते चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून, नुकतीच बसवून घेतलेली काडी कानामागे टोचते का ते पाहत होते. हाक ऐकताच त्यांनी चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला. जणू तो डोळ्यांवर नसला की आपणही कुणाला दिसणार नाही.

“सलाम सर. ओळखलं का?”

“सत्यम ना तू? देवगावच्या द्वारकाबाईंचा नातू.”

“आता शमुवेल म्हणतेत मला,” तो टेम्पोतून उतरत म्हणाला. “आज्जी सोडून सगळे.”

टेम्पो रस्त्यात तिरका उभा होता. मागचा रिक्षावाला मान बाहेर काढून ओरडला, “ओ मामू, गाडी बाजू में लो ना. यहींच घर बनाते क्या?”

“दो मिनट, भाई.” सत्यमनं वळून न पाहताच हात वर केला. तिशीचा, भरल्या खांद्यांचा गडी. मागे एकदा तो सरांना बसस्टँडवर भेटला होता तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं, आणि सर त्याला ओळख न देताच पुढे गेले होते. आता त्याच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं होतं.

“आज्जीनं तुम्हाला पत्र लिवलं होतं, पावसाळ्यात. मीच टाकलं पेटीत.”

“मिळालं.”

“मग जबाब?”

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “लिहितोय.”

“अजून?” सत्यम हसला. हसण्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. “येत्या रविवारी आज्जीचा बाप्तिस्मा धरलाय आम्ही. शिवना नदीवर, बंधाऱ्याच्या खाली. तिथं पाणी वाहतंय अजून.”

“तिचा झालेला आहे, सत्यम. लग्नाच्या आधीच.”

“तो शिंपडलेला. तो मूळचा नाही सर.” तो आता जरा जवळ येऊन, समजावणीच्या सुरात बोलू लागला. “पहिल्या ख्रिस्ती मंडळीत आधी विश्वास, मग पाणी. अख्खं माणूस पाण्यात. नकळत्या लेकरांना कुणी पाणी लावत नव्हतं. पुढं राजे आले, पाद्री आले, अन् सगळं सोयीचं करून टाकलं. तुम्ही तर इतकं वाचलंय. खोटं आहे का हे?”

“सगळं खोटं नाही.”

“मग तेवढंच लिहा की आज्जीला. माझं ती ऐकत नाही. म्हणती, मास्तरांचा कागद आल्याबिगर मी पाण्यात उतरायची नाय.”

“थंडी आहे रे. तिला दमा आहे.”

“म्हणून तर घाई आहे,” सत्यम म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर खाली गेली. “जानेवारी सरला की नदी आटती. मग थेट पुढच्या पावसाळ्यात. तोवर ती राहील का, सर? अन् तशीच गेली तर?”

रिक्षावाल्यानं भोंगा दाबून धरला. सत्यम गाडीत चढला आणि खिडकीतून वाकून म्हणाला, “अन् तुम्ही पण नाव बदला की. रामहरी साळवे. वरच्या दारात काय म्हणून सांगणार?”

“याच नावानं पेन्शन येतं,” सर म्हणाले. सत्यम मनापासून हसला आणि टेम्पो सरळ करून निघून गेला. सर पायरीवर तसेच उभे राहिले. चष्मा घालायचा राहिला आहे हे त्यांना सिटी चौक येईपर्यंत कळलं नाही.

छावणीतल्या घरी आल्यावर त्यांनी चष्म्याच्या घरातून पत्र काढलं. ते तळाशी घडी करून ठेवलेलं असे. चष्मा ठेवताना रोज बोटाला लागे. पाकिटावर शहराचं जुनंच नाव होतं. पोस्टमननं काही न बोलता ते दारात आणून दिलं होतं. आत ज्या अक्षरांनी लिहिलं होतं ती सरांनीच कधीकाळी गिरवून घेतलेली होती. ते देवगाव रंगारीच्या मिशन शाळेत मास्तर होते तेव्हा वस्तीतल्या बायकांचा संध्याकाळचा वर्ग घेत, आणि द्वारकाबाई त्यांतली सगळ्यांत हट्टी होती.

“साळवे मास्तर यांना द्वारकाबाईचा सलाम. पत्र लिहिण्यास कारण की माझ्या सोनूला तुम्ही पाणी घातलं ते पाणी कुठलं होतं ते कळवावे. आडाचं होतं का नदीचं होतं. सत्या म्हणतो वाहतं पाहिजे. मालक असते तर त्यांना इचारलं असतं. मला दम लागतो. बाकी ठीक. उत्तर लवकर द्यावे.”

एवढंच पत्र होतं. आणि त्यावरचे सरांचे मसुदे पुठ्ठ्याच्या फाइलीत मावत नव्हते. पहिला मसुदा दुसऱ्या शतकापर्यंत जाऊन थांबला होता. दुसरा रोमन बादशहापाशी अडकला होता. तिसऱ्यात ‘याबाबत विद्वानांत मतभेद आहेत’ हे वाक्य इतक्यांदा आलं होतं की ते वाचताना त्यांनाच लाज वाटे.

मंडळी मूळ शिकवणीपासून दूर गेली, असं म्हणणारे सत्यमचे लोक काही पहिले नव्हते. जवळजवळ प्रत्येक काळात कुणीतरी उठून ते म्हटलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडं तरी खरं होतं. पहिल्या पिढीत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत की नाही, हे आज कुणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. सरांनी उलटसुलट सगळं वाचलं होतं. जितकं जास्त वाचावं तितकं त्यांच्या पायाखालचं सरकत जाई. आपण आयुष्यभर मुलांकडून जे पाठ करून घेतलं ते तरी मूळचं होतं का, असा प्रश्न हल्ली त्यांना दात घासताना, कुलूप लावताना, कुठेही गाठी.

“बाबा, जेवायला चला,” तनुजा दारात येऊन म्हणाली. त्यांची मुलगी कॉलेजात शिकवत असे आणि तिला तासाची घंटा झाल्यासारखं बोलायची सवय होती. तिनं टेबलावरचा मसुदा उचलून दोन-तीन पानं चाळली.

“छान आहे. पण तिनं विचारलंय ते कुठाय यात?”

“म्हणजे?”

“पाणी कुठलं होतं, एवढंच विचारलंय तिनं. तुम्ही ते सोडून सगळं लिहिलंय.”

सरांनी तिच्या हातून पानं घेतली आणि कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या.

“तेच आठवत नाही ना,” ते म्हणाले.

बाकीचं सगळं आठवत होतं. भाद्रपदाचा पाऊस. शिवनेला पूर आल्यामुळे बाप्तिस्मा देणारे पाळकसाहेब कन्नडलाच अडकलेले. द्वारकाबाई बाळंत होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि बाळ-बाळंतीण दोघंही तापानं फणफणलेली. दुपारी तिचा नवरा बन्सी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला होता. “मास्तर, पोरगं राहत नाय. तुम्ही घाला पाणी.” सर तेव्हा पंचविशीचे. त्यांना असा अधिकार आहे की नाही हे विचारायला गावात कुणी नव्हतं. त्यांनी शाळेतला पितळी पेला घेतला आणि ते बन्सीच्या मागे चालू लागले.

पेला त्यांनी बन्सीच्या हातात दिला, आणि बन्सीनं तो भरून आणून परत त्यांच्या हातात दिला. कुठून भरून आणला? गावच्या विहिरीवर तेव्हा वस्तीतल्या लोकांना पाणी भरता येत नसे. वस्तीचा आड होता, पण तो पुरानं गढूळ झाला होता. नदी हाकेच्या अंतरावर होती. पत्र्याच्या वळचणीवरून पाणी धो धो पडत होतं, पेला नुसता बाहेर धरला असता तरी भरला असता. बन्सी गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. पण त्या दिवशी कोण भिजलेलं नव्हतं? सरांनी बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी लावलं, पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही तिन्ही नावं घेतली, आणि आजोबांचं सोनाजी हे नाव त्याला दिलं. दिवस मावळायच्या आत सोनू गेला. सर पेला घेऊन शाळेत परत आले तेव्हा तो रिकामा होता, एवढंही त्यांना आठवत होतं. पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्यात सगळं ऐकून घेतलं आणि नोंद केली. पाणी कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सर फाइल पिशवीत घालून एसटीत बसले. कंडक्टरनं आधारकार्ड पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कार्डाकडे. तेवढ्यातही सरांना आपण खोटे ठरतो की काय असं वाटलं. खुलताबादचा घाट चढताना त्यांनी मनातल्या मनात पहिलं वाक्य तयार केलं. वेरूळ मागे पडलं तेव्हा ते खोडलं. देवगाव रंगारीला उतरले तेव्हा त्यांच्यापाशी एकही वाक्य नव्हतं.

द्वारकाबाई अंगणात उन्हाला बाजेवर बसल्या होत्या. श्वासाबरोबर छातीत बारीक शिट्टी वाजत होती. दोरीवर नवंकोरं पांढरं लुगडं वाळत होतं, आणि सत्यम चुलीपाशी चहा उकळत होता.

“या मास्तर,” द्वारकाबाई म्हणाल्या. “कागद मागितला तर माणूसच आलं.”

“बरं झालं सर आले,” सत्यम तिथूनच म्हणाला. “आता तोंडानंच सांगून टाका. उद्याचं उद्या उरकून जाईल.”

सरांनी बाजेच्या कडेला टेकून फाइल मांडीवर घेतली, पण उघडली नाही. “वाहत्या पाण्याची पसंती फार जुनी आहे, हे सत्यमचं खरं आहे,” ते म्हणाले. “पण जिथं तसं पाणी मिळत नसे, तिथं आहे ते पाणी डोक्यावर ओतलं तरी चालेल, असं म्हणणारेही जवळजवळ तितकेच जुने—”

“तिथूनच बिघडलं, सर,” सत्यम कप पुढे करत म्हणाला. “एकदा चालेल म्हटलं की मग चालतच राहतं.”

सरांना ते पटलं. त्यांची पंचाईत नेहमी हीच होई. समोरच्याचं त्यांना पटे. त्यांनी कप बशीत ठेवला. चहा थोडा सांडला.

“तुमचं दोघांचं झालं का?” द्वारकाबाई म्हणाल्या. “मी काय इचारलं व्हतं?”

तेवढ्यात सत्यमचा फोन वाजला. “हां ब्रदर... कोरडे कपडे घेतो ना... हां, खुर्ची पण सांगितली,” असं बोलत तो गल्लीत गेला. द्वारकाबाईंनी त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत वाट पाहिली.

“ह्या ब्रदर लोकांनी याची दारू सोडवली, मास्तर. मी कधी त्यांला नावं ठेवायची नाय. लुगडं पण यानंच आणलं, लई हौसेनं.” त्यांनी दम घेतला. “पण माझा हिशेब निराळा हाये.”

“कसला?”

“हे म्हणतेत, वाहत्या पाण्याचं ते पक्कं, बाकीचं कच्चं. बरं, नदीचं असंल तर सोनूचं पक्कं झालं. मग मी बी उद्या नदीत जाते, दोघांचं पक्कं. अन् आडाचं असंल तर त्याचं कच्चं. मग मी पक्कं करून घेऊन कुठं जाऊ? ते तिकडं एकटंच राहायचं. तसं असंल तर माझं हाये ते कच्चंच ऱ्हाऊ द्या. जिथं त्याचं तिथं माझं.”

बोलता बोलता त्यांना खोकला आला. सर उठून उभे राहिले, काय करावं ते न कळून पुन्हा बसले.

“म्हणून इचारलं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मी तापात व्हते. मला छप्पर तेवढं आठवतं. मालकाला कधी इचारलं नाय, अन् आता ते बी नाय. तुमच्याबिगर कुणाला ठावं?”

सरांच्या मांडीवर फाइल होती. तिच्यात दोन हजार वर्षं होती.

“द्वारकाबाई, मला आठवत नाही.”

“नाय आठवत?”

“नाही. लई प्रयत्न केला. म्हणूनच उत्तर...”

द्वारकाबाईंनी बाजेखालचा तांब्या ओढला, पेला भरला आणि सरांपुढे धरला. सरांनी दोन घोट घेतले. मग पेला खाली ठेवला. द्वारकाबाईंनी तो उचलला, आत पाहिलं, आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.

“टाकायचं कशाला,” त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या.

सर त्यांच्या हातातल्या पेल्याकडे पाहत राहिले. मग पालथ्या घातलेल्या पेल्याकडे. त्याच्या काठावरून एक थेंब मातीत पडला, तोही त्यांनी पाहिला.

“काय झालं, मास्तर?”

“काही नाही.” त्यांनी फाइल पिशवीत घातली. “पोस्ट जुन्याच जागी आहे का?”

“व्हय, बाजाराच्या तोंडाला.”

सत्यम परत आला. “सांगितलं का सरांनी?”

“मास्तर लिवून धाडणारेत,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पोस्टानं.”

“आज्जी, ते समोर बसलेत तुझ्या.”

“तोंडचं पुन्हा वाचता येतं का? अन् उद्या तूच म्हणशील, म्हातारीनं सोयीचं तेवढं ऐकून घेतलं. शिक्का पडून येऊ दे.”

“मग उद्याचं? लोक येणारेत, पाणी—”

“पाणी काय पळून चाललंय?”

“पळतंच आज्जी. वाहतं आहे ते.”

द्वारकाबाई हसल्या, आणि हसता हसता पुन्हा खोकल्या. सत्यम धावत जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला. खोकला थांबला तरी त्यानं हात काढला नाही.

त्यानं सरांना टेम्पोत घालून बाजारापर्यंत सोडलं. सर उतरायला लागले तेव्हा मात्र त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं.

“काय लिवणार, सर?”

“आठवेल ते.”

“नदीचं होतं म्हणून लिवा ना,” तो समोरच्या काचेकडे पाहत म्हणाला. “तिचं त्या पोरापाशी अडलंय. नदीचं म्हटलं की सुटतं. तेवढ्या एका शब्दानं ती उतरती.”

“आणि नसेल नदीचं?”

सत्यमनं स्टेअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. “ती वाचली पाहिजे, सर. मला बाकी काय करायचंय?”

सरांच्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. चालेल म्हटलं की कुठून बिघडतं, असं काहीतरी. पण त्या पोराचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा दगडासारखा ताठ होता. मग ते उतरले.

पोस्टात गर्दी नव्हती. सरांनी एक साधं पोस्टकार्ड घेतलं आणि खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं. पेन हातात घेतल्यावर त्यांना नेहमीची धास्ती वाटली. हे आपल्याला खरंच आठवलं, की आत्ता म्हातारीनं पेला तोंडाला लावला म्हणून सुचलं? इतक्या वर्षांत का नाही आठवलं? एखाद्याला सोयीचं वाटेल असं आपणही काही रचत तर नाही? त्यांनी डोळे मिटले आणि तपासणीला बसल्यासारखे ते त्या खोपटात पुन्हा गेले. काळोखी. पत्र्यावरचा पाऊस. बन्सी बायकोच्या मानेखाली हात घालून तिला उठवतो आहे. ती पाणी मागते आहे, आणि तांब्या कुणालाच सापडत नाही. पेला तिच्या ओठांना लागतो. तापानं तिचे दात वाजताहेत, आणि पितळेच्या काठावर त्यांचा आवाज होतो, बारीक, भराभर.

आज तो आवाज झाला नव्हता. आजच्या पेल्यानं तो सुचवलेला नव्हता.

सरांनी डोळे उघडले. कार्ड लहान होतं. दुसऱ्या शतकाला त्यावर जागा नव्हती.

“द्वारकाबाई यांना सलाम. पाणी कुठलं होतं ते मला आठवत नाही. आडाचं, नदीचं की वळचणीचं, सांगता येणार नाही. ते कुठं गेलं तेवढं सांगतो. सोनूच्या कपाळाला थोडंच लागलं. तुम्ही तापात पाणी मागत होतात. बन्सीनं तुम्हाला उठवून बसवलं, आणि त्याच पेल्यातलं उरलेलं सगळं तुम्ही प्यालात. पेला मी रिकामा परत नेला. कळावे. रामहरी साळवे.”

त्यांनी ते एकदा वाचलं. ‘याबाबत’ असा एक शब्द शेवटी त्यांच्या हातून पडू पाहत होता. त्यांनी पेनाला टोपण लावलं. कार्ड उघडंच जाणार होतं. पोस्टमन वाचेल, सत्यम वाचेल, त्याचे ब्रदर वाचतील. एरवी या विचारानंच सरांनी पाकीट घेतलं असतं.

खिडकीतल्या माणसानं पत्ता पाहिला. “हे तर गावातलंच आहे. दोन गल्ल्या सोडून. हातानंच द्या की बाबा, कशाला पोस्टात टाकता?”

“पोस्टानंच मागितलंय त्यांनी. शिक्का पाहिजे.”

“मग सोमवारी भेटंल. उद्या रविवार आहे.”

“हो,” सर म्हणाले. “उद्या रविवार आहे.”

बाहेर बाजाराच्या तोंडाला लाल पेटी होती. सरांनी कार्ड फटीत धरलं, क्षणभर धरूनच ठेवलं, आणि सोडलं. आत कागद पडल्याचा आवाज झाला. मग त्यांनी चष्मा काढला, पण घरात ठेवला नाही. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते बसची वाट पाहत उभे राहिले.